पंचवीस की एकवीस

गंगापूर रोड, नाशिक
१२ जानेवारी २००६

प्रिय आई,
तेजलचा जयभीम. मी बरी आहे. मेसचं जेवण आता गोड लागतं.

कॉलेजात वादविवाद झाला. दारूच्या परवान्याचं वय पंचवीसवरून एकवीस करावं का? समोरची मुलगी म्हणाली, “मत अठराव्या वर्षी देतो, मग इथेच लहान कसे?” मी आपल्या अण्णांचंच सांगितलं, माझे वडील दारूने कसे गेले ते. बाराव्या वर्षी घरच्यांनीच त्यांच्या हातात ग्लास दिला, तेव्हा वय कुणी विचारलं नव्हतं. बक्षीस मला मिळालं.

तेव्हापासून खोलीतल्या मुली माझ्याशी जपून बोलतात. फिरायला जाताना विचारत नाहीत. अभ्यास मात्र चांगला होतो.

तुझे गुडघे कसे आहेत? आणि आपला धाकटा संघर्ष संध्याकाळी कुठे असतो, तेवढं खरं लिही.

तुझी,
तेजल