चाखायचं ताट

नोएडा, १२ जानेवारी १९९७

चि. सुगत यास,
सप्रेम जयभीम.

बाबांच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन नीट झालं. आमच्याच हॉस्पिटलात आहेत, पण जनरल वॉर्डात. वेगळी खोली घेऊ म्हटलं, तर म्हणाले, तिथं भांडायला कोण मिळणार?

घरचा डबा देत जा, असं तू फोनवर म्हणालास, त्याचा मला जरा रागच आला. इथल्या पेशंटांचा आहार मी ठरवते. डाळ किती, पनीर किती, अंडं कोणाला, सगळं मीच. रोज दुपारी किचनमधून चाखायचं ताट माझ्या केबिनमध्ये येतं. ते चाखून मी होकार दिल्याशिवाय वॉर्डात जेवण जात नाही. मीच बापासाठी डबा नेला, तर बाकीच्यांनी काय समजायचं? बाबांनाही विचारलं. जेवण फर्स्ट क्लास आहे म्हणाले.

थंडी फार आहे. तू जप. वहिनीला सांग, तिच्या जवसाच्या चटणीची वाट बघतेय.

तुझी,
क्रांतीताई


नागपूर, २० जानेवारी १९९७

ती. क्रांतीताईस,
सप्रेम जयभीम.

गप्पच बसणार होतो, पण लतामावशी बाबांना भेटून काल दिल्लीमार्गे परतली. म्हणाली, बाबांचे गाल बसलेत आणि जखम अजून ओली आहे. शेजारच्या कॉटवरचे सरदारजी कटोरी दाखवून म्हणाले, ये दाल है या गरम पानी? त्यावर बाबा असे उसळले की नर्स धावत आली!

ताई, बाबांना चव कळत नाही, असं तरी म्हणू नको. आईच्या वरणात मीठ कमी पडलं, की अख्ख्या गल्लीला कळायचं. एकदा न सांगता जा आणि त्यांच्या कॉटवर बसून जेव. धाकटा असून शिकवतोय म्हणून रागावलीस तरी चालेल. मग मात्र राग सोडून लिही.

तुझा,
सुगत


नोएडा, २७ जानेवारी १९९७

चि. सुगत,
सप्रेम जयभीम.

गेले होते. बाबांचं ताट त्यांच्या हातातून ओढूनच घ्यावं लागलं. डाळीतून कटोरीचा तळ दिसत होता. भाजीत पनीर शोधावं लागलं. डॉक्टर म्हणाले होते, रक्तातली प्रथिनं उतरलीत, म्हणून जखम भरत नाही. मी त्याला वयाचं कारण दिलं होतं. आहारतज्ज्ञ मी!

किचनमध्ये जाऊन विचारलं. मुख्य आचाऱ्यानं अगदी सहज सांगितलं, की मॅडमची थाली आधी निघते, मग जनरल वॉर्डाला पुरावी म्हणून डाळीत पाणी घालतात. मला हे ठाऊक असणारच, असं तो धरून चालला होता. आणि खरंच, का ठाऊक नव्हतं? वॉर्ड एक मजला खाली आहे. मला कधी उतरावंसं वाटलं नाही.

बाबांना म्हटलं, सांगितलं का नाही? ते भिंतीकडे बघत म्हणाले, पहिल्याच दिवशी मी साऱ्या वॉर्डाला सांगून बसलो होतो, की हे जेवण माझ्या पोरीनं लावलंय. मग कुठल्या तोंडानं नावं ठेवू?

आज अंड्याचा रस्सा आणि घट्ट वरण घेऊन गेले. झाकण उघडून त्यांनी विचारलं, किती जणांसाठी आणलंस? मग झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात परत दिला. तो घेऊन मी जिन्यात बसून राहिले.

तू लिहिलंस, बरं केलंस. असाच टोकत जा.

तुझी,
क्रांतीताई


नोएडा, ६ फेब्रुवारी १९९७

चि. सुगत यास,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुझी ताई कामात आहे, म्हणून मी लिहितो. केबिनमधलं ताट तिनं बंद केलं. आता दुपारी वॉर्डात येते आणि मनाला येईल त्या कॉटवरचं ताट उचलून खाते. पहिल्या दिवशी वॉर्डाच्या मधोमध उभी राहून हिंदीत सगळ्यांची माफी मागितली. मला पांघरूण डोक्यावर घ्यावंसं वाटलं, कारण यातला अर्धा गुन्हा माझा होता. माझी अब्रू राखायला मी साऱ्या वॉर्डाला पाणी पाजलं. सरदारजींनी सरकून तिला कॉटवर जागा दिली.

त्या दिवशी तिनं डाळ परत पाठवली. सगळे तासभर उपाशी राहिले आणि शिव्या मला बसल्या. वरचे साहेब तिच्यावर नाराज आहेत, हॉस्पिटलचं नाव खराब केलं म्हणतात. पुढे काय होईल, ठाऊक नाही. ती रोज येते मात्र.

जखम सुकू लागली आहे. आज कटोरीचा तळ दिसला नाही. मीठ मात्र कमी होतं. ते मी मोठ्यानं सांगितलं.

सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझा,
बाबा