मागच्या खोलीचं माप

१० नोव्हेंबर, सोमवार

हॉलच्या स्पीकरवर लॉसलेस, म्हणजे आवाज जराही न गाळता. स्वयंपाकघरात लॉसलेस. झोपायच्या खोलीतही. मागच्या खोलीत मात्र अ‍ॅप दाखवतं — 'साधारण'. तेच गाणं, तोच फोन, तेच इंटरनेट. एकाच घरात दोन न्याय!

बत्तीस वर्षं पिरंगुटच्या कारखान्यात क्वालिटीत काढली. मापात फरक आला की त्याला कारण असतं आणि ते सापडतं, एवढंच मला येतं. जान्हवी म्हणायची, तुम्ही एक दिवस पोळीलाही व्हर्नियर लावाल.

गाणं ठरवून टाकलंय. तिची रोज सकाळची भैरवी. गाणाऱ्या बाईंच्या आवाजातली, सात मिनिटांची. दुसरं काही लावलं तर तुलना होत नाही.

११ नोव्हेंबर

आज पाच वेळा ऐकली. मागच्या खोलीत वरचे सूर टोचतात. बाई वर गेल्या की कानात सुई गेल्यासारखं होतं. इंटरनेटचा दोष असता तर आवाज बोदा झाला असता. हे उलटंच आहे.

भिकू बांधावरून ओरडला, "साहेब, त्येच त्येच काय लावलंय?" म्हटलं, तपासतोय. तो हसला आणि कापणीला गेला. रिह्यात, आमच्या गावात, सगळीकडे भात कापायला आलंय, कुणाला वेळ नाही. त्याला विचारणार होतो, कृष्णाबाई कधी येणार कामाला. त्याची बायकोच ती. पण तो निघूनही गेला.

१२ नोव्हेंबर

शेखरला फोन केला. भूगावला दुकान आहे त्याचं, वायफाय, कॅमेरे, सगळं करतो. सोमवारी येतो म्हणाला. सोमवार म्हणजे कुठला सोमवार, हे विचारून घेतलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन महिने झाले. एकदा लिहूनच काढतो. कुणाला सांगितलेलं नाही, लेकीला, प्राजक्तालाही नाही.

हे स्पीकर प्राजक्तानंच पाठवले बंगळूरहून, आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला. आईला भैरवी ऐकायला हॉलमध्ये यायला नको म्हणून. चार खोल्यांत चार, वायर नाही. जान्हवीला त्यात एकच गोष्ट आवडली — मागच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीतून उठायला लागत नाही.

मला ते नुसते लावून चैन पडेना. ट्यूनिंग करायचं होतं. फोन उलटा धरायचा, वरखाली ओवाळत खोलीभर फिरायचं. स्पीकर टुँई टुँई असले विचित्र आवाज काढतो, फोन ते ऐकतो, आणि भिंत कुठे, पडदा कुठे, सामान किती, याचं माप घेऊन सूर कमीजास्त करतो. पाऊण मिनिटाचं काम. तेवढा वेळ घरात चिटपाखरू बोलायला नको.

चौदा सप्टेंबर, रविवार. जान्हवी दारात उभी राहून म्हणाली, फोनची आरती करताय की काय? मी म्हटलं, थट्टा पुरे, आता तीन-चार मिनिटं आवाज करू नका. ती मागच्या खोलीत जाऊन बसली. खाली कृष्णाबाई, दोघी तांदूळ निवडत.

हॉलची पहिली खेप फुकट गेली. मागून काहीतरी मोठ्ठा आवाज आला आणि फोनवर उमटलं — खूप आवाज आहे, शांतता राखा. मी ओरडलो. "तीन मिनिटं गप बसता येत नाही का?" हेच शब्द होते माझे.

मग घर गप झालं. हॉल झाला, स्वयंपाकघर झालं, झोपायची खोली झाली. शेवटी मागच्या खोलीत गेलो. कृष्णाबाई तिथे नव्हती. जान्हवी खुर्चीत, मान भिंतीला टेकलेली, डोळे मिटलेले. म्हटलं, लागला डोळा. बरंच झालं, आवाज होणार नाही. तिच्याभोवतीनं फोन ओवाळला. पहिल्याच खेपेला ट्यूनिंग पूर्ण.

झालं, आता बोल — असं म्हणालो मी तिला.

डॉक्टर म्हणाले, हार्ट, क्षणात गेल्या, त्यांना कळलंही नसेल. पितृपक्षात गेली, म्हणून लोक काय काय बोलले, त्याचं मला काही नाही. मला एकच कळायला हवंय. पहिल्या खेपेचा तो आवाज कसला होता? तिनं हाक मारली का मला? आणि मी तिच्या हाकेवर ओरडलो का?

घरात तिसरी फक्त कृष्णाबाई होती. तेराव्याला आली, पायरीवरच बसली, न जेवता गेली. तेव्हापासून कामाला नाही.

१५ नोव्हेंबर

कपाटाखाली झाडताना परत तांदूळ निघाले. पाच-सहा दाणे. दोन महिने झाडतोय, कुठून येतात कोण जाणे!

१७ नोव्हेंबर, सोमवार

शेखर आला, दिवस चुकला नाही. राउटर हॉलच्या कोपऱ्यातून काढून मधल्या पॅसेजमध्ये लावला. लगेच मागच्या खोलीतही लॉसलेस. मी खूश. भैरवी लावली. टोचायचं ते टोचलंच!

मग त्यानं अ‍ॅप उघडून बराच वेळ काहीतरी बघितलं. म्हणाला, "काका, क्वालिटी एक नंबर येतीये. लोचा ट्यूनिंगमध्ये आहे. चौदा सप्टेंबरला केलंय ना? तेव्हा स्पीकरसमोर काय होतं?"

मी म्हटलं, खुर्ची.

"नुसती खुर्ची नसणार. कोणतरी बसलेलं असणार. माणूस आवाज पितो काका. समोर माणूस असला की मशीन वरचे सूर वाढवून देतं. आता खुर्ची मोकळी, म्हणून ते वाढवलेले सूर टोचतायत. परत करून टाकू, पाऊण मिनिट."

मी म्हटलं, राहू दे. तो उठला. चहा न घेताच गेला बिचारा. माझा चेहरा तसा झाला असणार.

१८ नोव्हेंबर

तो स्पीकर अजून ती खुर्चीत आहे असं धरून वाजतोय.

१९ नोव्हेंबर

प्राजक्ताचा फोन. बाबा, स्पीकर नीट चालतायत ना? म्हटलं, उत्तम. आईची भैरवी लावता का? म्हटलं, अधूनमधून.

ती रडायला लागली. मग मीच तिला सांगितलं, अगं, क्षणात गेली ती, कळलंही नाही तिला. हे वाक्य आता मला पाठ झालंय. खरं आहे की नाही ते माहीत नाही आणि पोरीला देत सुटलोय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एक प्रयोग केला. खुर्चीत दोन उशा ठेवल्या, वर तिची गोधडी. भैरवी लावून दारात उभा राहिलो.

टोचलं नाही. अजिबात नाही. बाई वर गेल्या आणि सूर असा अलगद उतरला, तिच्या वेळी उतरायचा तसाच.  उशा काढल्या, परत टोचलं. ठेवल्या, बरोबर. चार वेळा केलं. मग मी स्वतः बसून बघितलं, तर आवाज बसका झाला. मी जाड आहे. माप तिचंच आहे.

गोधडी परत ठेवली. जाता जाता तोंडातून निघून गेलं, आता बरं येतंय ना ऐकू? दोन क्षण थांबलोही उत्तरासाठी. वेड लागायचं राहिलंय फक्त.

२२ नोव्हेंबर

खुर्ची तशीच. सकाळी भैरवी. मागच्या खोलीत गेलो नाही. हॉलमध्ये बसून तिकडचं ऐकलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

वरच्या वस्तीवर गेलो. चढ आहे, दम लागतो. कृष्णाबाई खळ्यावर भात झोडत होती. मला बघून तिचा हात थांबला. पदर पुढे ओढून घरात गेली ती बाहेर आलीच नाही. भिकू मधे पडला. सुगी उरकली की लावून देतो म्हणाला, पण त्याचाही आवाज चोरटा. "तिला लई लागलंय साहेब. रातचं उठून बसती. मला बी सांगंना."

मला राग आला होता. पगार वाढवून मागायचा असेल, असंही मनात येऊन गेलं. उतरताना माझी मलाच लाज वाटली. ती जान्हवीला नऊ वर्षं धरून होती.

म्हणजे तिला माहीत आहे. जान्हवीनं हाक मारली आणि मी ओरडलो, हे ती माझ्या तोंडावर सांगू शकत नाही. दुसरं काय असणार?

२५ नोव्हेंबर

आज हाक ऐकू आली. अहो — एवढीच. मी न्हाणीघरात होतो. साबणाच्या अंगानं बाहेर आलो. खुर्चीत गोधडी. बाहेर कुणाचंतरी मळणीयंत्र चालू. तेच असणार. असणारच.

२६ नोव्हेंबर, बुधवार

हे बरं नव्हे. माणूस गेलं, त्याच्या जागी उशा मांडून बसायचं, हे काय आहे? नवीन माप घ्यायचं ठरवलं. उशा काढल्या, गोधडी घडी करून कपाटात. फोन उलटा धरला, बटण दाबलं.

फोन विचारतो — जुनं ट्यूनिंग पुसलं जाईल, चालेल का?

किती सहज विचारतो! तिचं शेवटचं माप आहे ते. वजन नाही, उंची नाही, फोटोही नाही — ती एका खोलीत किती जागा व्यापते, एवढंच. आणि ते मी घेतलं तेव्हा ती गेलेली होती की जात होती, हेही मला माहीत नाही. बत्तीस वर्षांत असं माप मी घेतलं नव्हतं.

नाही म्हटलं. गोधडी परत काढली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आंघोळ करून आलो तर मागच्या दाराच्या पायरीवर डबा. उघडून बघितला, नवा तांदूळ, आंबेमोहोर, अजून उबेचा वास असलेला. निवडलेला. एक खडा नाही. उताराच्या वाटेवर कृष्णाबाईची पाठ दिसली. हाक मारली, थांबली नाही.

नव्या भाताचे तांदूळ आधी देवाला दाखवतात, मग घरात रांधतात. हे लोक तर फारच पाळतात. पहिल्या मापाचे उचलून माझ्या दारात कशाला आणून ठेवले? डबा काही केल्या आत घेववेना. खाल्ले तर कृष्णाबाई यायची उरलेली वाटही बंद होईल, असं काहीतरी वाटलं.

२९ नोव्हेंबर

भिकूला निरोप दिला. डबा परत न्यायला ये म्हणावं, किंवा कशाचा ते सांगायला ये. मी ओरडणार नाही, असंही सांगायला सांगितलं.

३० नोव्हेंबर, रविवार

आली. मागच्या दारातच उभी राहिली, आत येईना. खुर्चीतली गोधडी बघून पायरीवर बसली. सांडलेले तांदूळ भरून द्यायचे होते, म्हणाली. कुठले सांडलेले, म्हणून विचारलं. मग बोलली. जसंच्या तसं लिहितो, नाहीतर उद्या मी यात काहीतरी बदलेन.

"त्यो आवाज माजा हुता, साहेब. बाईंनी छाती धरली, म्हनून मी उठले तुमास्नी बोलवाया, तर पाय लागून डबा सांडला. तुमी वरडला. बाईंनी माजा हात धरून खाली बशिवलं. तोंडावर बोट ठिवलं. म्हनल्या, गप, त्येंचं होऊ दे, तीनच मिंटं हायेत. मग हात सैल पडला. मला वाटलं बरं वाटलं त्यास्नी, म्हून मी सांडलेलं सुपात भरून भाईर गेले."

हाक मारलीच नव्हती तिनं. मी गप बसायला सांगितलं होतं.