शिवणीतली माया

ता. ४ डिसेंबर

चि. माऊस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्राला दहा महिने उशीर झाला, रागावू नकोस. तीनदा लिहायला बसलो. चौथीपुढे शाळा नाही, त्यात चष्म्याची काडी मोडलीय, असं स्वतःलाच सांगून उठलो. खरं कारण वेगळं आहे.

मी बरा आहे. दुकानात जातो, पण हल्ली शिवणापेक्षा चेन बदलायचीच कामं येतात. तू वेळेवर जेवतेस ना? तो खोकला गेला का? थंडीत कान झाकत जा. रविवारपासून हनुक्का, आपला आठ दिवसांचा दिव्यांचा सण. दिव्यांचं झाड घासून ठेवलंय. सणाचं तळण करणार नाही. कुणासाठी करू?

गेल्या वर्षी याच सणाआधी आईची साखर वाढली, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, म्हणून तू कागद लिहून पाठवलास. जेवणाआधी पाणी, अर्धं ताट भाजी, बटाट्याचे थापे तळायचे नाहीत, भाजायचे, तेही दोनच. तो कागद सोबत पाठवतोय. उजेडात धर. आरपार दिसतं ना? ते तेल आहे. आठही दिवस तुझ्या आईने तळलेले थापे त्याच कागदावर निथळत ठेवले. माझ्या वाटणीचे धरून पाच-पाच खाल्ले, आणि वर म्हणाली, माऊचा कागद फार कामाचा आहे.

तरी वजन उतरत होतं.

तिचा सणाचा निळा झगा मी पहिल्या दिवशी एक बोट आत घेतला, आठव्या दिवशी आणखी दोन. ती आरशासमोर वळून वळून बघायची. पण माऊ, पथ्याने माणूस आधी पोटात उतरतो. पन्नास वर्षं मापं घेतोय, एवढं मला कळतं. ही खांद्यात उतरत होती, मनगटात उतरत होती. मनगटाला टेप मी दुसऱ्यांदा लावून बघितली. तिने ते पाहिलं.

"अहो, सण होऊ द्या," ती म्हणाली. "माऊला वाटू दे, तिच्या कागदाचा गुण आला."

सण झाला. नंतरही महिनाभर मी भीतीने तिला डॉक्टरांकडे नेलं नाही. नेलं तेव्हा कॅन्सरची गाठ निघाली, हाताबाहेर गेलेली.

ती गेल्यावर सात दिवसांच्या शोकाच्या बैठकीत तू म्हणालीस, "मीच आईला उपाशी ठेवून मारलं." हा कागद तेव्हा माझ्या खिशात होता. मी काढला नाही. स्वतःवर रागावलीस तर कधीतरी घरी येशील, माझ्यावर रागावलीस तर येणार नाहीस, असा हिशोब केला. तू आलीच नाहीस. आणि दहा महिने माझं ओझं तू वाहिलंस.

आता हवं तेवढं रागाव. फक्त जेवत जा. सणात तळलेलंही खा.

निळा झगा कपाटात आहे. आत घेताना शिवणीतलं जादा कापड, ती माया, मी कापली नव्हती, तिचं अंग भरेल या आशेने तशीच आत ठेवली. काल शिवण उसवली. तुला होईल एवढा सैल करता येईल, पण तुझं माप माझ्याकडे फार जुनं आहे.

दुसरं काही लिहावंसं वाटलं नाही तर नुसतं माप लिही. पण लवकर लिही.

वाट पाहणारा,
तुझा बाप