पहिल्या ओळीतलं नाव

सोमवार, ३ मार्च
हेब्बाळच्या ऑफिसात आज पहिला दिवस, आणि मी जाम खूश आहे. खिडकीतून तळं दिसतं, फिल्टर कॉफी हवी तितकी. आमची लीड रम्याअक्का जयनगरच्या जुन्या मराठी घरातली. तिच्या दर वाक्यात एक कानडी ‘स्वल्प’, म्हणजे ‘जरा’, असतोच. काम मिळालंय बंडलरचं. जावास्क्रिप्टच्या शेकडो फायली बांधून ब्राउझरला एकच गाठोडं देणारी ही लायब्ररी जुन्या आवृत्तीवरून नव्यावर न्यायची. जमलं तर नोकरी पक्की. ही रोजनिशी प्रोजेक्टच्याच एका फायलीत लिहितेय. बघणाऱ्याला वाटतं, पोरगी कामात आहे.

बुधवार, ५ मार्च
इथली पद्धत अशी की प्रत्येक फायलीच्या पहिल्या ओळीत ती सांभाळणाऱ्याचं नाव असतं. माणूस गेलं तरी ते पुसायचं नाही, खाली आपलं जोडायचं. अक्कानं दोनदा बजावलं. दोनशे चौदा फायली, आणि सगळ्यांवर एकटी सुखदा, तिच्याआधीचं एकही नाव नाही. माझ्याआधी ही याच खुर्चीत बसायची आणि एक दिवस दिसेनाशी झाली. सोडून गेली असेल, म्हणतात, आणि लगेच तिचं कौतुक सुरू. तिनं हे काम दोन दिवसांत उरकलं असतं म्हणे. जेवताना शेजारच्या टेबलाचा अवधूतही तेच सांगत होता. मी अर्धा डबा तसाच बंद केला.

शुक्रवार, ७ मार्च
गाठोडं बांधायचा बिल्ड अकरा वेळा फसला. मग अवधूतनं सुखदाच्याच एका जुन्या फायलीत उत्तर शोधून दिलं, वर हसला. नाकाला मिरच्या झोंबल्या. कधी न पाहिलेल्या बाईवर मी जळते, कबूल आहे.

सोमवार, १० मार्च
झालं एकदाचं. नवी आवृत्ती चालू आहे. त्यासाठी सगळ्या फायलींना हात लावावाच लागला, तेव्हा जाता जाता एका कमांडमध्ये तिचं नाव पुसलं आणि माझं लिहिलं. दोनशे चौदा वेळा सिद्धी. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मंगळवार, ११ मार्च
सकाळी माझ्या खुर्चीमागून एक बाई पुढे आली. मागे तर भिंत आहे. पांढरी फटक, गळ्यात ओळखपत्र, त्यावर सुखदा. अवधूतनं तिला विचारलं, इतके दिवस होतीस कुठे. तिनं फक्त माझ्यापुढे हात जोडले आणि जवळजवळ पळत लिफ्टमध्ये शिरली.

गुरुवार, १३ मार्च
दाराला माझं कार्ड लागेना. अवधूतच्या मागोमाग आत आले. त्याला हाक मारली, अक्कासमोर उभी राहून ओरडले. दोघांनी मानसुद्धा वळवली नाही. घरी जावं म्हटलं तर लिफ्ट माझ्यासाठी उघडत नाही. जिन्याचं दारही —

सोमवार, १७ मार्च
आई फोन करत असेल. माझा फोन लागत नाही, फक्त प्रोजेक्टच्या या फायलींत लिहिता येतं.
अक्का म्हणाली, सिद्धीनं काय सुरेख काम केलं. मी तिच्या शेजारीच होते. मला आवडलं ते. अजून ऐकावंसं वाटलं —

बुधवार, १९ मार्च
माझ्या खुर्चीत नवी मुलगी, नीला. आनेकलहून बसनं येते, सारखी हसते. अक्कानं तिलाही बजावलं, नाव पुसू नको. ती ऐकणारी नाही. माझं नाव वाचताना तिचे ओठ घट्ट होतात, ओळखते मी ते.
पुसू दे. मी नाव पुसलं आणि सुखदा सुटली, तशी मी सुटेन. आईला —

गुरुवार, २० मार्च
पुसतेय. एकेक फाईल. सिद्धी जाते, नीला येते.
लिफ्ट उघडली. माझ्यासाठी. दार तसंच उघडं —
अवधूत तिला म्हणाला, सिद्धीपेक्षा हात साफ आहे तुझा.
सिद्धीपेक्षा?
पहिल्या फायलीत मी परत माझं नाव लिहिलं. ती पुसते. मी लिहिते. दार मिटतंय, जायला हवं, पण माझ्या कामावर तिचं नाव — नाही, नाही देणार —
आता ही फाईल उघडलीय तिनं. वरच्या ओळी जाताहेत. मी पुन्हा लिहीन. सिद्धी. सिद्धी. सि