फ्लॉपीवरचं कुंकू

खंडेनवमी, १९९७. विश्रामबाग.

वहिनींना वाचून दाखवायला घेतली, तर दादाची फ्लॉपी उघडेना. तीनदा घालून पाहिली. नुसती खरखर. शेवटी तिचा सरकता पत्रा बाजूला केला, तर आत चकतीवर कुंकू.

सकाळी हत्यारांच्या पूजेत कॉम्प्युटर आणि ही फ्लॉपीही मांडली होती. दादा गेल्यापासून वहिनींनी कुंकवाला हात लावला नव्हता. हिनंच आग्रह केला, "यंदा पूजा तुम्हीच करा." किती बरं वाटलं होतं मला! त्यांनी पत्रा सरकवला तो मात्र पाहिला नाही.

दादानं शेवटच्या आजारपणात इथंच बसून कडेगावच्या आठवणी टाइप केल्या. सगळं या एकाच फ्लॉपीवर. कॉलेजात पोरांना रोज बजावतो, दुसरी प्रत काढून ठेवा. मग घरी का नाही काढली? वर्षभर काय करत होतो मी?

कापसानं पुसून पाहिलं. चकतीवर रेघा उमटल्या.

वहिनी दारात आल्या. "आवं भावजी, सापडलं का त्यांचं लिवल्यालं?"

"बघतोय," म्हणालो.

"त्यांचं हाय म्हणून पत्रा सरकवून आत लावलं बगा. वरवर लावायला मन झालं न्हाई."