पुढच्या बाकावरची जागा

शनिवार, ७ सप्टेंबर

आधी सगळ्यांची विचारपूस. डावा गुडघा कुरकुरतो, पण चालतो. उजवा डाव्यावर रुसलेला. कान कामापुरते. हिची कंबर माझ्यावरच्या रागाने ताठ, म्हणजे ठणठणीत. धाकट्या भावाची तब्येत माहीत नाही. मी बाप्तिस्मा घेतल्यापासून त्याने आमचा उंबरा ओलांडलेला नाही.

मी हॉस्पिटलात पडलो होतो तेव्हा पाळकसाहेब रोज येऊन बसायचे. भाऊ एकदा आला, तोही घड्याळाकडे बघत. माझा निर्णय तिथेच झाला, बाप्तिस्माही तिथेच.

उद्या पहिल्यांदा चर्चला जायचं. प्रभू सुतार, मी सुतार. पुढच्याच बाकावर बसवतील. महिन्याभरात चर्चचे पंच मला कमिटीवर घ्यायला येतील. एकदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा हो.

हिला चल म्हटलं. म्हणाली, "तुम्हाला तिथे कुणी 'या, बसा' म्हटलं की सांगा. मग मीही येईन. नाहीतर मला माझं घर बरं."

एवढंच ना!

रविवार, ८ सप्टेंबर, सकाळी ७

इस्त्रीचा शर्ट. दाढी दोनदा. निश्चय: हसत राहायचं, सल्ले द्यायचे नाहीत, लाकडाकडे बघायचं नाही.

दुपारी १

लाकडाकडे बघितलं.

दारात एक चष्मेवाले गाण्यांची पुस्तकं वाटत होते. बोलले नाहीत. घसा बसला असावा. पुढच्या बाकावर एका बाईंची पर्स होती. म्हणाल्या, "इथे आमचे येतात." दुसऱ्या बाकावरचे म्हणाले, "जागा आहे, पण..." त्या 'पण'मध्ये माया होती. शेवटच्या बाकावर बसलो. तिथे वारा चांगला येतो.

मूक प्रार्थनेला सगळे वाकले. मी वाकलो तर समोरच्या बाकाचा पाय सांध्यातून सुटलेला! खिशात पाचर असतेच. बुटाच्या टाचेने तीन ठोके मारले. तीनच. पण शांतता फार होती. सगळं चर्च वळलं. पाळकसाहेब डोळे मिटून हसले (बहुतेक).

बाहेर कुणी बोललं नाही. सुरुवातीला लाजतात माणसं.

हिने विचारलं, कुणी बसा म्हटलं का? मी म्हटलं, वातावरण तसं होतं. "वातावरण काय म्हणालं?" जेवून झोपलो.

बुधवार, ११ सप्टेंबर

जिंकलो! चष्मेवाले स्वतः दुकानात आले. कमिटीचे पंच निघाले. म्हणाले, "मिस्त्री, चर्चला तुमची फार गरज आहे." शब्दन् शब्द लिहून ठेवतोय. रविवारी हत्यारं घेऊन या, मागच्या दाराने. दहा बाक डुगडुगतात.

मागच्या दाराने काही ऐऱ्यागैऱ्याला बोलवत नसतात.

रविवार, १५ सप्टेंबर

मागच्या खोलीत सहा बाक दुरुस्त केले. उपासना भिंतीपलीकडून ऐकली. हातोडी फक्त गाण्याच्या वेळी चालवायची, असं चष्मेवाल्यांनी ठरवून दिलं. म्हणजे मी गायनमंडळातच. चहाला बाकी सगळे अंगणात, मला एकट्याला खोलीत आणून दिला. स्पेशल.

हिला सांगितलं, 'या' म्हणाले. 'बसा' राहिलं, मी कामात होतो. म्हणाली, "उभ्यानेच ख्रिस्ती झालात म्हणा."

शनिवार, २१ सप्टेंबर

हिला खोटं सांगितलं. 'या, बसा' म्हणाले, पुढच्या बाकावर. देव रागावणार नाही, आज ना उद्या खरं होणारच आहे. संध्याकाळी बघतो तर ही ठेवणीतले कपडे काढून झटकत होती.

उद्या हत्यारं न्यायची नाहीत. काय वाटेल ते होवो.

रविवार, २२ सप्टेंबर

हत्यारं नेली नाहीत. पण तिथे मागच्या खोलीत त्यांचा एक संच होताच.

दारात चष्मेवाले. आधी हिच्याकडे वळले. "ताई, पहिल्यांदाच का? या, बसा ना, पुढे जागा आहे." मग माझ्याकडे. "मिस्त्री, तुम्ही मागून या. चार राहिलेत."

ही म्हणाली, "हे माझे मालक. यांनाही बसवा, मग मी बसते."

चष्मेवाले हसले. "मिस्त्री बसले तर बाक कोण करणार?" वाईट हेतूने नव्हते हसले. तेच वाईट. पाळकसाहेबांनी लांबून हात केला. मला की चष्मेवाल्यांना, कळलं नाही.

ही म्हणाली, "चला घरी."

मी म्हटलं, "थांब गं, चारच तर राहिलेत."

ती एकटी गेली. मी चारही केले.

सोमवार, २३ सप्टेंबर

हिने ठेवणीतले कपडे पुन्हा पेटीत घातले. काल सगळे गेल्यावर पुढच्या बाकावर बसून बघितलं. हलत नाही. काम चोख.

पाळकसाहेबांना पत्र टाकलं. नक्कल इथे:

साहेब, दहाही बाक झाले. आता मला बोलवायला काही कारण उरलं नाही, असं वाटायला लागलंय. तरी रविवारी येऊ का? आलो तर कुठे बसू? भावाकडे परतायची सोय नाही आणि घरात मी खोटा ठरलोय. एक ओळ पुरे. उत्तर लवकर लिहा.