झालं, उघड

बाबा, काल दुपारी मटार सोलता सोलता आईनं तुमचं बिंग फोडलं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, त्यामुळे स्वतःच्या बचावाला तुम्ही येणार नाही, आणि मला तेच जास्त झोंबतंय. जिवंत असतात तर समोर बसवून विचारलं असतं. तुम्ही चष्मा पुसत पुसत "असं काही झालं होतं का गं?" म्हणून वेळ मारून नेली असती, पण निदान तोंड तरी दिसलं असतं तुमचं. आता भांडायचंही मीच आणि ऐकायचंही मीच. भांडण जुनंच आहे, पिपलानीच्या कारखान्याच्या कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरमधल्या त्या रविवारचं. तुम्ही मला "झालं, उघड" म्हणालात आणि झालेलं नव्हतं, त्याचं.

लहानपणी मला भुताच्या सिनेमाची भयंकर भीती वाटायची आणि तो बघितल्याशिवाय राहवायचंही नाही. यावर आपण दोघांनी एक तोड काढली होती. मी तुमच्या उजव्या बाजूला बसायचं. काही भयानक येणार असं वाटलं की तुमच्या बाहीत तोंड खुपसून डोळे घट्ट मिटायचे, आणि ते संपलं की तुम्ही हळूच म्हणायचं, "झालं, उघड." त्या बाहीला कारखान्यातल्या ऑइलचा आणि अंगाच्या साबणाचा वास यायचा. मी डोळे उघडायचे तेव्हा पडद्यावर सकाळ झालेली असायची, कुणीतरी चहा पीत असायचं. एकदाही चुकला नाहीत तुम्ही. शाळेत मी ऐटीत सांगायचे की मी अख्खा सिनेमा पाहिला, पण त्यातला अर्धा मी तुमच्या बाहीत काढलेला असायचा. मला त्याची लाज नव्हती, कारण उरलेला अर्धा तुम्ही बघत होतात. आपल्या वाटणीची भीती बाबा बघून घेतात, एवढा सरळ विश्वास होता माझा.

आणि तुमच्यावर विश्वास टाकायला कारणही होतं. कारखान्यात तुम्ही मोठमोठ्या मोटरींची चाचणी घ्यायचात, आणि कॉलनीत तुमच्या कानाची ख्याती होती. उन्हाळ्यात कुणाचा कूलर कुरकुरायला लागला की तुम्हाला बोलावणं यायचं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि मिनिटभर तसंच उभं राहायचं. मग निकाल. "बुश गेलाय." "पंख्याचं पातं घासतंय." एकदा माझ्याही कानाला तो स्क्रू ड्रायव्हर लावून म्हणाला होतात, "डोळे मीट, मग ऐकू येतं. डोळा फसवतो, कान फसवत नाही." मी आठ वर्षांची असेन. ती घरघर ऐकून मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं, पण मी मान डोलावली होती.

तर तो रविवार. मी सहावीत आहे. कुणीतरी भाड्यानं व्हीसीआर आणलाय आणि बैठक आपल्या घरी, कारण आपला टीव्ही मोठा. दुपारचे तीन, खिडक्यांना चादरी लावून अंधार केलेला, सतरंजीवर पंधरा-वीस माणसं. तुमचे टेस्टिंगमधले दोन मित्र, शेजारच्या भाभी, त्यांची मुलं. आईनं परातभर चिवडा केलाय. सिनेमात नवी सून हवेलीच्या स्वयंपाकघरात धान्याच्या कोठीकडे चाललीये, आणि सतार की काय ते वाजतंय, वर वर चढतंय. मी तुमच्या बाहीत. मग ते वाजणं थांबलं. सगळं गप्प. तुम्ही म्हणालात, "झालं, उघड." मी उघडले. सुनेनं कोठीचं झाकण नुकतंच उचललं होतं आणि आत गव्हात रुतलेला एक चेहरा होता, डोळे सताड उघडे, पापण्यांना गहू चिकटलेले. तो सरळ माझ्याकडे बघत होता. त्या सिनेमावाल्यांनी आवाज मुद्दाम तिथेच बंद केला होता.

मी कशी किंचाळले ते मला आठवत नाही, परात उपडी झाली ते आठवतं. सतरंजी ओली झाली तेही आठवतं. अकरा वर्षांची घोडी, सगळ्या कॉलनीसमोर. क्षणभर कुणाला काही कळलं नाही आणि मग हशा पिकला. मी तुमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल की चुकलं माझं. तुमचा चेहरा पांढराफटक पडला होता, मला वाटलं रागानं. तेवढ्यात तुमचे मित्र म्हणाले, "क्या यार, बिटिया की जान ले लोगे?" आणि तुम्ही हसलात. हसून म्हणालात, "जानबूझकर बोला यार. लड़की है, थोड़ा मज़बूत बनाना पड़ता है." भाभींनी मला उठवून आत नेलं. तुम्ही उठला नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये भाभींच्या पोरानं माझं जे नाव पाडलं ते मी इथे लिहिणार नाही, पण ते मला आठवीपर्यंत पुरलं.

मुद्दाम. हा एक शब्द मी चाळीस वर्षं उराशी धरून बसले, बाबा. चुकलं असतं तर मी चार दिवस रडून विसरले असते. मला हे कळेना की माणूस आपल्या बाहीतल्या पोरीला मुद्दाम कसं ढकलतो, तेही लोकांना हसवायला. तुम्ही नंतर एकदाही विषय काढला नाहीत. मीही नाही. तेव्हापासून मी सिनेमात डोळे मिटले नाहीत. रक्त असो, भूत असो, टक लावून बघते, घरातले म्हणतात हिला काळीजच नाही. दातांचे डॉक्टर "हो गया" म्हणाले तरी मी तोंड मिटत नाही. नवरा म्हणाला कुलूप लावलं की मी जाऊन कुलूप ओढून बघते, आणि तो बिचारा तिथेच उभा राहून माझं ओढणं बघतो. माझ्या लेखी कुणाच्याही "झालं"ला काडीची किंमत उरली नाही, आणि हे तुमच्यामुळे.

आपल्या घरातही तसलीच पत्र्याची कोठी होती. त्या रविवारनंतर आईनं दळणाचे गहू काढायला सांगितले की मी डबा घेऊन दारातच उभी राहायचे. आई ओरडायची. मग दोन-तीन वेळा पाहिलं, आई काही म्हणायच्या आत तुम्हीच उठून डबा घेऊन गहू काढायला जायचात. मान खिडकीकडे वळवून, हात आत घालून, चाचपत. "धूळ जाते डोळ्यात," म्हणायचात. मला वाटायचं, मला हिणवायला करतात हे. मी तिथून उठून जायचे.

आता कालचं ऐका. रविवार होता. हबीबगंज स्टेशनजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये आई, मी आणि माझी लेक. स्टेशनचं नाव बदललं, पण आमच्या तोंडात अजून हबीबगंजच आहे. लेकीनं टीव्हीवर कसलातरी भुताचा सिनेमा लावला होता आणि उशीच्या आडून बघत होती. मी नेहमीसारखी टक लावून. आई एक्याऐंशीची, मांडीवर ताट, मटार सोलतेय. लेक उशीतूनच म्हणाली, "आजी, हो गया क्या? सांग ना." तर आई फस्सकन हसली. म्हणाली, "मला काय विचारतेस? तुझे आजोबा असते तर तेही उशीतच असते."

मी म्हटलं, "बाबा? बाबा कशाला उशीत असतील?"

"अगं, ह्यांना कुठे बघवायचं? तुझ्यापेक्षा आधी ह्यांचे डोळे मिटायचे. कानानं अंदाज घ्यायचे. वाजणं थांबलं की म्हणायचे, झालं. अंधारात कुणाला दिसतंय? मी बाजूला बसलेली, मला दिसायचं."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. मी विचारलं, "आणि तो कोठीचा सिनेमा?"

"तेव्हाही. तुझ्या किंकाळीनं त्यांनी डोळे उघडले. तुझ्याइतकेच घाबरले होते. मग लोक हसायला लागले, तर काय सांगणार? की मलाही भीती वाटते? ते मित्र जन्मभर चिडवत बसले असते. म्हणून म्हणाले, मुद्दाम केलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनीच शपथ घातली होती. म्हणाले, बाप घाबरट आहे हे पोरीला कळलं तर ती कुणाच्या आधारानं बसेल." आणि ताट पुढे सरकवून म्हणाली, "हे घे, एवढे सोल, माझी बोटं दुखतात."

मला हसू यायला हवं होतं. लेक तर लोळत होती हसून. मला मात्र कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे बाबा, एक नाही, दोन थापा. ज्यांच्या भरवशावर मी डोळे मिटत होते, त्यांचेही डोळे मिटलेले. माझ्या वाटणीचं बघायला तिथे कुणीच नव्हतं, आणि मी निवांत. आणि दुसरं, ते "मुद्दाम". चार माणसांत घाबरट ठरायला नको म्हणून तुम्ही माझ्यासाठी दुष्ट ठरायला तयार झालात. त्या मित्रांची किंमत माझ्यापेक्षा जास्त होती का? घाबरट बाप मला चालला असता. अहो, चालला काय, आवडला असता. दोघांनी मिळून उशीत तोंडं घातली असती आणि आईला विचारलं असतं. तुम्ही उगाच मला चाळीस वर्षं साप साप म्हणून भुई धोपटायला लावलीत.

हे एवढं लिहून मी उठणार होते. पण एक गोष्ट राहिली, आणि ती तुम्हाला ठाऊक आहे.

तुमच्या फुप्फुसात पाणी झालं होतं ते दिवस. हॉस्पिटलात पाठीतून सुई घालून ते काढायचं होतं. सकाळची वेळ, तुम्ही स्टुलावर, समोरच्या टेबलावर उशी घेऊन पुढे वाकलेले. डॉक्टरांनी मला समोर बसून तुमचे हात धरायला सांगितलं. तुमचे डोळे घट्ट मिटलेले. मी तेव्हा मनात म्हटलंही, आता बरे मिटता आले. पहिली सुई छोटी होती, ती जागा बधिर करायची. ती निघाली आणि तुम्ही विचारलंत, "झालं का गं?" तुमच्या खांद्यावरून मला दिसत होतं, डॉक्टर दुसरी सुई काढत होते, ती लांब. मी म्हटलं, "झालं, बाबा. उघडा." तेच शब्द, त्याच हळू आवाजात. तुम्ही पाठ सैल सोडलीत, डोळे उघडलेत आणि मागे वळून पाहिलंत. डॉक्टर ओरडले, "अंकल, अभी कहाँ हुआ? हिलिए मत." तुम्ही सुईकडून माझ्याकडे बघितलंत. पुन्हा डोळे मिटून पुढे वाकलात. त्या आठवड्यात अजून दोनदा पाणी काढलं, दोन्ही वेळा मीच समोर होते, पण "झालं का" हे तुम्ही सिस्टरना विचारलंत.

घरी येताना मला वाटलं होतं, फिटंफाट झाली. कालपर्यंत तसंच वाटत होतं.

आई आत्ता विचारून गेली, एवढं काय लिहितेस. मी म्हटलं, किराण्याची यादी. तिला हे कळता कामा नये, आणि तुमच्यापर्यंत हे पोचणार नाही, म्हणूनच लिहायला जमलं. तुम्ही "झालं" म्हणालात तेव्हा तुमचे डोळे मिटलेले होते, बाबा. मला सुई दिसत होती.